पात्राचे चित्र: स्वतः काढावे, तयार भागांतून घडवावे की चित्रकाराला सांगावे?

रोलप्लेइंग खेळातल्या पात्राची कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या माहितीचा तक्ता, भरून झाली, मागची गोष्ट लिहून झाली. आता आपले पात्र दिसते कसे? डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शीटच्या दुसऱ्या पानावर यासाठी एक चौकट छापलेली आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक शीटांवर ती कोरीच असते. ती भरायचे आज चार मार्ग आहेत. स्वतः काढा, हीरो फोर्जसारख्या ऑनलाइन साधनात तयार भाग जोडून मिनी, म्हणजे टेबलावर ठेवायची छोटी मूर्ती, घडवा, चित्रकाराला कमिशन द्या, म्हणजे पैसे देऊन चित्र काढून घ्या, किंवा एआयकडून प्रतिमा करून घ्या. मी चारही वाटा एकाच पात्रासाठी चालून पाहिल्या.

ते पात्र म्हणजे वासुदेव. बार्ड, म्हणजे गाण्या-वाजवण्यातून जादू करणारा, या क्लाससाठी (पात्राच्या प्रकारासाठी) याहून जवळचे रूप मला सापडले नाही. पहाटे गात दारोदार फिरणारा, गावोगावच्या घरांत ओळख असलेला. त्याचा पावा नियमपुस्तकातल्या वाद्यांच्या यादीत फ्लूट म्हणून आहेच, आणि बार्डला मंत्र टाकायला वाद्य चालते. मोरपिसांची उंच टोपी, घोळदार अंगरखा, कमरेला शेला, हातात चिपळ्या आणि टाळ, पायात घुंगरू.

मार्ग निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: चित्र दिसणार कुठे? टेबलावरच्या नकाशात एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, आणि त्यावर उभी राहणारी मिनी साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच. तिचे डोके तुरीच्या दाण्याएवढे. तिथे डोळ्यांचा रंग आणि शेल्याची नक्षी कोणाला दिसणार नाही. ऑनलाइन खेळत असाल तर रोल२० या संकेतस्थळावर एक चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो, आणि गोल टोकनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या पात्राच्या चकतीत, फक्त चेहरा मावतो. म्हणून आधी आकृती पूर्ण काळी भरून पाहा. नुसत्या सावलीवरून पात्र ओळखू आले तर पुढचे सगळे सोपे. वासुदेव इथे सहज पास होतो, टोपीमुळे. पण हीच टोपी टोकनमध्ये आडवी येते. सगळी टोपी घेतली की चेहरा शेंगदाण्याएवढा, चेहरा घेतला की टोपी कापलेली. शेवटी टोकनसाठी मान कलती ठेवून वेगळे चित्र काढावे लागले.

स्वतः काढण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा मार्ग लोक सर्वांत आधी सोडून देतात. "मला चित्र येत नाही" हे कारण इथे फारसे लागू होत नाही. एक २बी पेन्सिल, कार्ट्रिज पेपर, आणि अंगठ्याएवढी आठ-दहा चित्रे. चांगली नकोत, भरभर हवीत. हात चालू लागला की चित्र प्रश्न विचारू लागते. झोळी कोणत्या खांद्यावर? टाळ गळ्यात की कमरेला? एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात पावा, मग तलवार कोण उपसणार? माझ्या शीटवर रेपियर ही पातळ, टोकदार तलवार लिहिलेली होती. चौथ्या चित्रात कळले की हा माणूस ती कधी काढणारच नाही. मी रेपियर खोडली आणि व्हिशस मॉकरी हा टोमण्यांनी घायाळ करणारा मंत्र घेतला. आता तो लढाईत शत्रूला ओव्या गाऊन टोचतो, आणि आमच्या टेबलावर त्याची ओळख तीच झाली आहे. हे मला बाकी तीन मार्गांनी मिळाले नाही.

कागद की डिजिटल? सुरुवात कागदावर, हे माझे ठाम मत. डिजिटलचा खरा फायदा लेयरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वेगवेगळ्या थरांचा. पात्राची लेव्हल वाढली, नवे चिलखत मिळाले, की फक्त कपड्यांचा लेयर बदलायचा. क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पूर्ण कामाचे आहे. प्रोक्रिएट एकदाच विकत घ्यावे लागते, पण त्यासाठी आयपॅडच हवा. बिनपडद्याचा पेन टॅबलेट घेणार असाल तर हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ही सवय व्हायला थोडे दिवस द्या. पहिल्याच संध्याकाळी कंटाळून तो कपाटात टाकू नका.

तयार भागांतून मिनी घडवणे सर्वांत जलद. संध्याकाळी बसलात तर जेवणाआधी पात्र उभे, चारी बाजूंनी फिरवून पाहता येते, आणि घडवायला पैसे पडत नाहीत. पैसे लागतात ते छापील मिनी किंवा एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटरला द्यायची फाइल) घेताना. ओळखीत कोणाकडे रेझिन प्रिंटर असेल तर फाइलच घ्या. ड्वॉर्फ पॅलाडिन, एल्फ रेंजर असे नेहमीच्या साच्यातले पात्र असेल तर इथेच थांबा, पुढे वाचायची गरज नाही. वासुदेवाची टोपी मात्र तयार भागांत मिळेना. जादूगाराची टोकदार टोपी लावली, आणि सगळ्यांना तो जादूगारच वाटला.

कमिशनचे चित्र सर्वांत देखणे येते, आणि त्यात एका माणसाची मेहनत असते, म्हणून ते घाईने मागू नये. पहिल्या लेव्हलच्या बार्डकडे ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर इतकेच हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसायचे गुण, असतात, आणि ओग्र या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा. चित्र येईपर्यंत पात्र गेलेले, असे सहज होऊ शकते. तिसरी लेव्हल गाठू द्या, स्वभाव पक्का होऊ द्या, मग चित्रकार शोधा.

दर साधारण आकृतीवर ठरतो. खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत की पूर्ण, आणि पार्श्वभूमी हवी का. आधी कच्चे स्केच येते, मग लाइन आर्ट (स्वच्छ रेषा), मग रंग. जे काही बदलायचे ते स्केचच्या वेळीच सांगा. रंग भरल्यावर हात बदलायला सांगणे म्हणजे काम नव्याने करायला लावणे, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी हवी. हक्कांचेही आधीच लेखी ठरवा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. अमेरिकेत लेखी करार नसेल तर हक्क सहसा चित्रकाराकडेच राहतात. घरच्या खेळात याने फरक पडत नाही, पण उद्या स्वतःचे साहस, म्हणजे खेळायची कथा, छापून विकायचे ठरले तर पडतो.

एआयबद्दल थोडक्यात. प्रतिमा क्षणात येते, पण दुसऱ्यांदा मागितली की टोपी वेगळी, चेहरा वेगळा, आणि चिपळ्यांच्या जागी भलतेच काहीतरी. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने निव्वळ यंत्राने केलेल्या प्रतिमेला संरक्षण नाकारले आहे. २०२३ मध्ये डी अँड डीच्या एका पुस्तकातल्या काही चित्रांत एआय वापरल्याचे उघड झाले, तेव्हा या खेळाच्या प्रकाशकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, आपल्या चित्रकारांसाठीचे नियम बदलले. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आज रात्रीच्या सरायवाल्याचा चेहरा हवा असेल, तर त्याची गरज मी समजू शकते. वर्षभर ज्याच्या तोंडून बोलायचे त्या पात्रासाठी मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही. तलवार कोण उपसणार हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही.

तेव्हा हातात पैसे नाहीत आणि वेळ आहे, तर पेन्सिल. उद्याच सेशन आहे आणि पात्र नेहमीच्या साच्यातले आहे, तर तयार भाग. पात्र वर्षभर टिकले आहे आणि त्याचा पोशाख दुसऱ्या कुठल्या जगात मिळत नाही, तर कमिशन. मी परदेशातल्या एका चित्रकाराला फक्त शब्दांत लिहून पाठवले होते, मोरपिसांची उंच टोपी. त्याने पिसे कपाळाभोवती पंख्यासारखी उभी लावली. चूक त्याची नव्हती, त्याने वासुदेव कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या वेळी मी समोरून आणि मागून घेतलेले फोटो पाठवले, चार-पाच रंग नेमून दिले, आणि सोबत माझे पेन्सिलचे वाकडेतिकडे चित्रही जोडले, ज्यात टोपी कपाळावर नेमकी कुठे टेकते तिथे बाण काढला होता. पहिल्याच स्केचमध्ये टोपी बरोबर आली.