पंतप्रधान इंटर्नशिप योजना: पाच हजारांत घर सोडणं कुणाला परवडतं?

पदवी आहे, पण कंपनीत शब्द टाकणारं ओळखीचं कुणी नाही, अशा मुलामुलींना केंद्राच्या या योजनेची खरी गरज आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये ती पथदर्शी स्वरूपात सुरू झाली. या टप्प्यात आघाडीच्या ५०० कंपन्यांत १२ महिने काम शिकायचं, असं ठरलं. फी नाही, वशिला नाही. रेझ्युमे योजनेचं पोर्टलच तयार करून देतं. घरातल्या पहिल्या पदवीधराला ही सोय फार मोलाची आहे.

घोडं अडतं ते पैशांवर. पथदर्शी टप्प्यात महिना ५,००० रुपये (४,५०० सरकारचे, ५०० कंपनीचे) आणि रुजू झाल्यावर एकदाच ६,००० ठरले. पुण्यात कॉट बेसिसवरची जागा आणि दोन वेळची मेस यातच पाच हजार संपतात. शिवाय कंपनीने हजेरी कळवल्यावर पैसे निघतात, म्हणजे डिपॉझिट आणि पहिला महिना घरच्यांनीच भागवायचा. ज्याची मावशी हडपसरला राहते तो रुजू होतो. उदगीरच्या शेतमजुराच्या मुलाला ऑफर सोडावी लागते. पहिल्या फेरीत ८२,०००हून अधिक ऑफर दिल्या गेल्या, रुजू झाले सुमारे ८,७००. हे आकडे सरकारनेच संसदेत दिले आहेत आणि लांबचं ठिकाण हे त्यामागचं एक कारण आहे.

पात्रतेची चाळणीही नीट विणलेली नाही. पथदर्शी टप्प्यातल्या अटी अशा: वय २१ ते २४. स्वतः, आईवडील किंवा जोडीदार यांपैकी कुणाचंही २०२३-२४चं उत्पन्न ८ लाखांवर नको आणि कुणी कायम सरकारी नोकरीत नको. यात स्थानिक स्वराज्य संस्थाही धरल्या आहेत. म्हणजे नगरपरिषदेच्या कायम सफाई कामगाराची मुलगी बाद, आणि कागदावर आठ लाखांच्या आत राहणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा पात्र! ही अट बदललीच पाहिजे. एमए, एमकॉम झालेलेही बाद. नियमित कॉलेज करणारेही.

अर्जाआधी एक गोष्ट तपासाच: आधारशी कोणतं बँक खातं जोडलंय. सरकारी हिस्सा त्याच खात्यात जातो. अनेकांचं ते शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं असतं आणि पैसे परत फिरू शकतात. बँकेत जाऊन वापरातलं खातं जोडून घ्या, आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळवून घ्या. मग पोर्टलवर कंपनीच्या नावाआधी जिल्हा निवडा. घरून ये-जा करता येईल अशी जागा मिळाली, तर ही योजना नक्की घ्यावी.