तीन देशपांडे, तीन रिपोर्ट, गोंधळ नाही

विलेपार्ले पूर्वेला घरी येऊन रक्त नेणारी लॅब हवी असेल, तर स्टेशनजवळच्या या लॅबला माझ्याकडून पाचपैकी चार.

आमच्या इमारतीत तीन देशपांडे आहेत. माझ्या सासूबाई सुमती, वरच्या मजल्यावरच्या सुमनताई आणि तळमजल्यावरचे काका. आपसात नातं काहीच नाही. देशपांडे हे मुळात वतनाचं आडनाव, परगण्याचा हिशेब ठेवणाऱ्याचं, त्यामुळे ते ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या घराण्यांकडे आलं. आम्ही देशस्थ, सुमनताई सीकेपी, आणि पार्ल्यात देशपांडे म्हटलं की ज्यांची आधी आठवण निघते ते पु. ल. सारस्वत. पण कुरिअरवाल्याला आम्ही सगळे एकाच घरचे. पार्सल चुकलं तर वर जाऊन देता येतं. रक्ताचं तसं नसतं. आधीच्या एका लॅबने सुमनताईंची साखर सासूबाईंच्या नावावर पाठवली. डॉक्टरांना आकडा पटला नाही, त्यांनी पुन्हा तपासायला लावलं म्हणून निभावलं, नाहीतर गोळी वाढली असती.

या लॅबची मुलगी आली तेव्हा तिने "देशपांडे आजी ना?" असं विचारलंच नाही. "आजी, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा," म्हणाली, आणि उत्तर फॉर्मशी ताडून पाहिलं. रक्त घेतल्यावर जांभळ्या आणि करड्या बुचाच्या नळ्यांवर बारकोडचं स्टिकर तिथेच, आमच्या डोळ्यांदेखत लावलं. वरचं नाव सासूबाईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा शोधेपर्यंत ती थांबली. सासूबाईंची शीर चटकन सापडत नाही, तिला पहिल्याच टोचणीत मिळाली. फार गुणी मुलगी.

एक तारा कापला तो सेंटरवरच्या काउंटरमुळे. तिथे नुसतं "देशपांडे!" पुकारतात आणि दोघं-तिघं उठतात. घरी येऊन इतकी काळजी घेता, तर तिथेही पूर्ण नाव पुकारा, कळकळीची विनंती आहे.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो. तुमच्या इमारतीत एका आडनावाची अनेक घरं असतील, तर वेळ घेतानाच फोनवर सांगा. ते नोंदीत तसा शेरा मारतात आणि प्रत्येक घराचा मोबाइल नंबर पुन्हा विचारून घेतात.