डिकल बसवायची सोल्युशन्स, आठ महिने वापरल्यावर

डिकल म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेलवर पाण्यात भिजवून लावायची पातळ फिल्मवरची चिन्हं, आणि ती नीट बसवायला ही द्रावणं. मिस्टर हॉबीचं मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर, शिवाय मायक्रोस्केलचं मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, अशा दोन्ही जोड्या आठ महिने वापरतोय, चार विमानं न् एक रणगाडा झाला, म्हणून आता लिहितो.

आधी मी नुसत्या पाण्यावर डिकल लावायचो, वाळलं की कडेला चंदेरी झाक यायची आणि मी किटला शिव्या घालायचो. चूक माझीच होती. मॅट रंग खरखरीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि फिल्मखालून तीच चमकते. आता आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत वार्निशचा थर, तोही पूर्ण वाळलेला, पावसाळ्यात मी सरळ दोन दिवस हात लावत नाही.

सेट (किंवा सेटर) आधी, डिकलच्या खाली, पकड यावी म्हणून. सोल (किंवा सॉफ्टर) नंतर, वरून, फिल्म मऊ व्हावी म्हणून. मायक्रोस्केलमध्ये निळं लेबल सेट, लाल सोल, सुरुवातीला मी उलटं करून बसलो होतो. मायक्रो सेटला व्हिनेगरचा वास येतो, बायकोने विचारलं लोणचं घातलंयस का. मार्क सेटर दुधाळ असतं, त्यात थोडा गोंद पण असतो, त्यामुळे जुन्या, पकड गेलेल्या डिकलला मला तेच बरं वाटतं, फक्त नंतर ओल्या कापडाने पुसा नाहीतर डाग राहतात.

खरी परीक्षा 1/72 मापाच्या मिग-21 विमानावर झाली. मागच्या बाजूला राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, नेमकं एका फुगवट्यावर येत होतं. मार्क सॉफ्टर लावलं आणि दोन मिनिटांत ते मनुक्यासारखं सुरकुतलं, मी घाबरून बोटाने दाबायला गेलो तर केशरी कडा बोटाला चिकटून आली! अहो ते सुरकुततंच, तेव्हा फिल्म लोण्यासारखी मऊ झालेली असते, वाळताना आपोआप ताणून बसते. दुसऱ्या वेळी लावलं आणि उठून चहा टाकायला गेलो. परत आलो तर खालची पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ, चक्क डिकलमधून दिसत होती. एक बुडबुडा उरला होता, त्याला बारीक सुईने टोचून परत थेंबभर सॉफ्टर, असं तीनदा.

जाड डिकलला मायक्रो सोल मला कमी पडतं, तिथे सॉफ्टरच. पातळ डिकलला मात्र उलट, सोल पुरे.

फाटलेल्या जागी दुसऱ्या शीटमधलं राउंडेल लावलंय, त्याचा केशरी जरा फिका आहे, त्यामुळे फोटो डाव्या बाजूनेच काढतो.