रथामागच्या दिंडीत १८ दिवस : भिशी, जेवण, तंबू आणि 'माउली' हा शब्द

पहिल्यांदा वारीला जायचं म्हटलं की कुठल्या दिंडीत जाऊ, पैसे किती लागतील, बायकांची आंघोळीची सोय काय, हे प्रश्न पडतातच. नेटवर फोटो हजार सापडतात पण हे कुणी नीट लिहीत नाही, म्हणून लिहितेय. मी २०२५ ला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत पूर्ण चालले, १९ जूनला आळंदीतून प्रस्थान आणि ६ जुलैला आषाढी, म्हणजे १८ दिवस. आमची दिंडी पालखीच्या रथामागून चालणारी, साधारण दीडशे माणसं, निम्म्याहून जास्त परभणी-हिंगोलीकडची शेतकरी मंडळी आणि आम्ही पुणे-चिंचवडचे वीसेक जण. दिंडीचं नाव आणि नंबर मुद्दाम देत नाहीये, कारण चालक महाराजच म्हणाले की एवढ्यांच्या वर माणूस आपल्याला झेपत नाही, उगाच लोक आले आणि सोय झाली नाही तर पाप लागेल.

मी का गेले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील होते पण प्यायचे, आणि संध्याकाळी जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी आणि माझा भाऊ हातात येईल ते पुस्तक उघडून बसायचो, कुठलं पान उघडलंय हे पण बघायचो नाही. शाळेत रोज हात जोडून देवाला माता-पिता म्हणायचं असायचं आणि मला तेव्हा त्या चपलाच ऐकू यायच्या. देव जर बापासारखा असेल तर मला नकोच, आणि आईसारखा असेल तर मला माहीतच नाही आई कशी असते, असं बरीच वर्षं माझं सरळ मत होतं. ऑफिसमधल्या एक ताई दरवर्षी जातात, त्या म्हणाल्या तू देवासाठी येऊ नकोस, नुसती चालायला ये. तशी गेले.

आता सोयीचं. भिशी (दिंडीची वर्गणी, वारकरी भिशीच म्हणतात) तेव्हा ३५०० रुपये माणशी होती. त्यात सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, राहुटी (तंबू), सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर. १८ दिवसांचं हे गणित कसं बसतं मला कळत नव्हतं, मग कळलं की ज्वारी आणि डाळ मराठवाड्यातली मंडळी घरून पोत्यानं आणतात, आणि वाटेत गावोगावचे लोक पंगती घालतात त्या दिवशी दिंडीची चूल पेटतच नाही.

जेवणाला पूर्ण मार्क. गरम पिठलं-भाकरी, ठेचा, आमटी-भात, एखाद्या दिवशी लापशी. आचारी म्हणजे दोन काका आणि चार मावश्या, आम्ही तळावर पोचायच्या आत ट्रकनं पुढे जाऊन चुली मांडलेल्या असायच्या. उशिरा पोचलात तरी ताट रिकामं राहत नाही, एकदा मी रात्री साडेदहाला लंगडत आले तर माझ्यासाठी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या आणि ज्या मावशींनी ठेवल्या त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

राहुटी ठीक. एकेका राहुटीत बारा जणी, पथारीला पथारी लागून. लोणंदला रात्री पाऊस आला तेव्हा आमची एका कोपऱ्यातून गळायला लागली आणि आम्ही चौघी उरलेली रात्र ट्रकखाली बसून होतो, हा खरंच त्रास आहे आणि निघायच्या आधी ताडपत्र्या तपासायला हव्या होत्या. आंघोळीचं त्याहून वाईट, ऐंशी बायकांना टँकरमागे कापडाचा एकच आडोसा, पहाटे अडीचला उठलं तरी रांग. मी दुसऱ्याच दिवशी महाराजांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, सासवडला दुसरा आडोसा लागला. टॉयलेटसाठी तळांवर निर्मल वारीची फिरती शौचालयं असतात, पहाटे लवकर गेलात तर स्वच्छ मिळतात, टॉर्च न्या. फोन चार्जिंगच्या भरवशावर राहू नका, पॉवर बँक दोन घ्या.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, वर दिवे घाट, आणि त्या दिवशी एकादशी असते त्यामुळे उपवास. हडपसरला लोक केळी, खिचडी, शेंगदाण्याचे लाडू हातात कोंबत होते. घाट चढताना मला काही वाटलं नाही कारण सगळा घाट टाळांनी नुसता भरून गेलेला असतो, पण सासवडच्या तळावर बूट काढले आणि उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड.

राहुटीत शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी बघितलं आणि स्वतःच्या पिशवीतून सुई-दोरा काढला. "पाय दे इकडं माय. लाजू नको." मी म्हटलं आजी पाय घाण आहे. त्यांनी ऐकलंच नाही, माझी टाच ओढून सरळ मांडीवर घेतली, लुगड्याच्या पदरानं पुसली, सुई दिव्यावर धरली, दोरा तेल-हळदीत बुडवला आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "काढू नको, पानी निथळू दे." दुखलं नाही. सकाळपर्यंत फोड बसला होता. (साखर असलेल्यांनी हा प्रयोग अजिबात करू नका, वाटेत ठिकठिकाणी दवाखान्याच्या गाड्या असतात, तिथे दाखवा.)

माझा पाय कुणी मांडीवर घेतलेला मला तरी आठवत नाही. मी रडत होते आणि आजींना वाटलं सुई लागली. मग त्यांनी विचारलं, "तुही माय हाय का?" मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, "माही बी नव्हती. ज्याची माय घरी हाय ते कशाला इतकं चालंल."

दुसऱ्या दिवशी सासवडलाच मुक्काम असतो. सोपानकाकांच्या समाधीला जाऊन बसले आणि आजींचं वाक्य डोक्यातून जाईना. सोपानदेव म्हणजे ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडं संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, आणि परंपरा सांगते की प्रायश्चित्त म्हणून आईवडिलांनी नदीत देह सोडला, लोक पोरांना जवळ करतील म्हणून, तरी लगेच कुणी जवळ केलं नाही. म्हणजे ही चौघं अनाथ. त्यातल्या ज्ञानदेवांनी १२९६ ला आळंदीत समाधी घेतली तेव्हा वय जेमतेम एकवीस. आणि सातशे वर्षांहून जास्त काळ लोक याच पोराला माउली म्हणतात, म्हणजे आई. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकल्यासारखी वाटली.

मग एकेक आठवायला लागलं. जनाबाई लहान असतानाच नामदेवांच्या घरी कामाला आली, आणि तिच्याबद्दल लोक सांगतात की विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसायचा, शेण्या वेचायचा, तिचे केस विंचरून द्यायचा. केस विंचरणं बघा. राज्य दिलं, धन दिलं असं कुणी सांगत नाही, ज्या मुलीची वेणी घालायला कुणी नाही तिच्या देवाला लोकांनी वेणी घालायला बसवलं. तुकोबांचे आईवडील लवकर गेले, दुष्काळात बायको आणि मुलगा गेला, आणि ते पण विठ्ठलाला आईच म्हणतात. मला आयुष्यभर वाटत होतं की देवाला आई म्हणणारे लोक घरी प्रेमळ आई असलेले असतात, घरात जे मिळतं तेच मोठं करून ते वर बघतात, आणि माझ्याकडे मोठं करायला काही नाही म्हणून हा शब्द माझा नाही. पण इथे तर हा शब्द ज्यांनी घडवला त्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच, नव्हतं म्हणून म्हटलेले. हे मला कुठल्याही प्रवचनात कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे प्रश्न मिटले असं नाही. त्याच रात्री कीर्तन झाल्यावर मी महाराजांना विचारलं की तो आई आहे तर चार वर्षांच्या पोरीची आई नेतो कशाला. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मलाही हे अजून कळलेलं नाही माउली. चला, जेवून घ्या." प्रारब्ध, मागच्या जन्मीचं, परीक्षा, यातलं काही बोलले नाहीत, आणि या एका गोष्टीसाठी मी या दिंडीला दुसऱ्या कुठल्याही दिंडीपेक्षा वर ठेवीन.

पुढचं थोडक्यात. वाल्ह्याच्या पुढे नीरेत पादुकांना स्नान, तिथे गर्दीत फार पुढे घुसू नका. रिंगण (मैदानात माउलींचा घोडा धावतो तो सोहळा) बघायला जागा हवी असेल तर तळावरून लवकर निघा. वेळापूरपर्यंत पाय तयार होतात, नंतर अंतर जाणवतच नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर लिहायला हवी, समाजआरती. रोज संध्याकाळी तळावर पालखी येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा प्रचंड आवाज चालू असतो आणि चोपदार (सोहळ्याची शिस्त सांभाळणारे) दंड वर करतात की लाखभर माणूस एका क्षणात गप्प. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात आणि सगळ्यांसमोर ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. फलटणच्या तळावर माझी पिशवी ट्रकमधून दुसऱ्याच दिंडीत गेली होती (सामान चढवताना नंबर लिहून घ्यायला हवेत, ही दिंडीची चूक), त्यात आईचा एकमेव फोटो. ती पण तिथेच पुकारली गेली. कुणाचा चष्मा, कुणाचे टाळ, एक हरवलेले आजोबा, आणि माझी निळी पिशवी, पालखी तोपर्यंत उभी. पाऊण तासानं मिळाली. फोटो कोरडा होता.

पंढरपुरात आषाढीला पदस्पर्शाची रांग फार म्हणजे फार लांब जाते, आमच्या दिंडीतले बहुतेक जण कळसाचं दर्शन घेऊन आणि नामदेव पायरीला डोकं टेकवून परततात. मी पण तेच केलं. पायरीजवळच चोखोबांची समाधी आहे, आणि तिथे मला पुढे जाववेना. हा माणूस देवाला मायबाप म्हणत राहिला आणि दारातून आत गेला नाही, जाऊ दिला नाही. देऊळ सगळ्यांसाठी उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आईचं घर आणि काही लेकरं सहाशे वर्षं उंबऱ्याबाहेर. दार लावणारी माणसं होती हे मला कळतं, तरी आतली आई उठून बाहेर का आली नाही हे विचारावंसं वाटतंच, आणि विचारलं म्हणून भक्ती कमी होते असं मला वाटत नाही. आईलाच विचारणार ना.

नंतर चंद्रभागेत पुंडलिकाच्या देवळापाशी आजी भेटल्या, बुक्का लावून बसल्या होत्या. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता म्हणून देवाला वीट फेकून थांब म्हणाला, हे आपण सगळेच सांगतो. मी आजींना म्हटलं, माझे वडील आहेत अजून, भावाकडे असतात, मी तीन वर्षं बोललेली नाही, मग मी काय करायचं. आजी म्हणाल्या, "त्यो उभा हाय अठ्ठावीस युगं. तुला काय घाई हाय?"

तर हिशोब असा. जेवण पाचपैकी पाच, माणसं पाचपैकी पाच, राहुटी तीन, आंघोळीची सोय आडोसा वाढल्यावर अडीच, सामानाची व्यवस्था दोन. लहान मुलांना पूर्ण वारीला आणू नका, सासवडपर्यंत पुरे. नवे बूट घालून निघू नका. भिशी आळंदीत ऐनवेळी घेत नाहीत, प्रस्थानाच्या महिनाभर आधी भरा आणि भरताना सामानाच्या नंबरचं नक्की विचारा. सुई, जाड दोरा आणि हळदीची पुडी स्वतःची ठेवा, मी पुढच्या वेळी आजींसाठी पण नेणार आहे, त्यांचा दोरा माझ्यावरच संपला. बुक्क्याच्या दोन डब्या आणल्या होत्या. एक ऑफिसच्या ताईंना दिली, दुसरी वडिलांसाठी घेतली होती, ती अजून माझ्याकडेच आहे.