आखाड्यावरचं नेट: छत्री की पाइपावरचा अँटेना?

फायबर गावठाणापर्यंत आली आणि तिथंच थांबली. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात ज्याचं घर आखाड्यावर, म्हणजे गावाबाहेर शेतात आहे, त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात: उपग्रहाची छत्री, नाहीतर पाइपावर अँटेना चढवून चालवलेला सिमचा राउटर. मी दोन्ही वापरलं. छत्री आठ महिने. अँटेनाचा हा दुसरा पावसाळा.

छत्रीला वाईट म्हणणार नाही. टॉवर कुठं आहे, मध्ये टेकडी आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. दक्षिणेचं आभाळ मोकळं हवं, बस. त्यापायी आमच्या लिंबाची एक फांदी गेली. पोरीनं बारावीचे व्हिडिओ त्यावरच पाहिले, ई-पीक पाहणीचे फोटो त्यावरच चढवले.

बोलताना मात्र अडखळायला व्हायचं. उपग्रह 35,786 किलोमीटरवर. शब्द वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा त्याच वाटेनं, त्यात अर्धा सेकंद जातोच. आई आणि पुण्यातला भाऊ एकदम बोलायचे, मग दोघंही एकदम गप्प. महिनाभरात आई "हं, बोल" म्हणून वाट बघायला शिकली. जोराच्या पावसात लिंक दहा-पंधरा मिनिटं जायची, तेही चालून गेलं.

नाही चाललं ते लाइटपायी. आमची लाइट शेतीपंपाच्या फीडरवर: थ्री फेज आठ तास, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची, बाकी वेळ सिंगल फेज आली तर आली. शेजाऱ्याची मोटर चालू झाली की झटका बसतो. बल्ब नुसता मिचकतो, पण छत्रीचा मॉडेम बंद पडून पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधत बसतो. त्याचा दिवा हिरवा होऊन स्थिर होईपर्यंत चुलीवर चहा होऊन जायचा. स्थिर झाला की पुढचा झटका. इन्व्हर्टर घेतला, तर रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर तोच उपाशी. एका संध्याकाळी पोरीची ऑनलाइन चाचणी चाळीसपैकी एकतिसाव्या प्रश्नाला तुटली. ती काही बोलली नाही, वही मिटून आत गेली. छत्री काढायचं त्या रात्री ठरलं.

राउटर 12 व्होल्टवर चालतो. घरात फवारणी पंपाची बॅटरी पडून होती, 12 व्होल्ट 8 एएचची, दोन हंगाम कपाशीत पाठीवर फिरलेली. इलेक्ट्रिशियननं मध्ये व्होल्टेज सांभाळणारी छोटी पट्टी बसवून दिली. आता लाइट जाओ की येओ, राउटरला पत्ताच नसतो. दिवे लागल्यापासून झोपेपर्यंत निभतं. अँटेना तीस फुटी पाइपावर, टेकडीच्या खिंडीकडं तोंड करून. बसवताना मी पाइप फिरवत होतो आणि पोरगी मोबाइलवरचे सिग्नलचे आकडे ओरडत होती, उणे आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला: "उणे एकशे आठ... उणे एकशे दोन... उणे शहाण्णव, पप्पा, थांबा थांबा!"

खोट यातही आहे. संध्याकाळी अख्खं गाव त्याच टॉवरवर असतं, तेव्हा वेग निम्म्यावर येतो. गावातला डीपी जळाला तर काही तासांत टॉवरची बॅटरीही बसते. तेव्हा छत्री आठवते, खोटं कशाला बोलू.

"स्टारलिंक येऊ द्या की," असं बरेच जण म्हणतात. स्टारलिंक म्हणजे खालून फिरणाऱ्या उपग्रहांवरून नेट देणारी अमेरिकन कंपनी. त्यांना केंद्राचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात आपल्या मराठवाड्यातला धाराशिव जिल्हाही आहे. ते उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून फिरतात, म्हणजे आईची अडचण सुटेल. पण त्यांचं नेहमीचं किट 75 ते 100 वॉट खातं. माझी फवारणीची बॅटरी त्याला तासभर पुरली तरी नशीब. ज्याच्या पत्र्यावर सोलर आहे, त्यानं हे वाक्य सोडून द्यावं.

तुमचं घर खोऱ्यात असेल आणि तीस फुटांवरही एक कांडी येत नसेल, तर छत्रीच घ्या. पण पैसे भरायच्या आधी सिग्नलचं अ‍ॅप आणि स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल बांबूच्या टोकाला बांधा, वर न्या, चारी दिशांना सावकाश फिरवा आणि खाली आणून बघा. आम्ही ठिबकच्या जुन्या नळीनं बांधला होता, पडला नाही.