टॉवरवर हरकत घ्यायची असेल तर महारेराचं प्रकल्पपान किती कामाचं?

नाशिकमध्ये शालिमार, शरणपूर रोड किंवा महात्मा गांधी रोडच्या पट्ट्यात खाली गाळे, मध्ये ऑफिसं आणि वर फ्लॅट असा टॉवर येणार म्हटलं की तीन प्रश्न हमखास निघतात. पाणी पुरेल का? गाड्या कुठे लागतील? आग लागली तर बंब कुठून शिरेल? तिन्ही रास्त आहेत. पण बहुतेकांच्या हातात फक्त जाहिरातीतलं चित्र असतं, आणि चित्रावर हरकत घेता येत नाही. मंजूर नकाशा घरबसल्या आणि फुकट मिळतो तो महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर. या सेवेत दम आहे, पण तिची हद्द ओळखून वापरली तरच.

भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि घटक (फ्लॅट, गाळे, ऑफिसं) ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. नाशिकच्या जुन्या प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक पी५१६ ने सुरू होतात.

पान उघडल्यावर आधी दोन आकडे शेजारी ठेवून वाचा: मंजूर बांधकाम क्षेत्र आणि प्रस्तावित पण अजून मंजूर न झालेलं क्षेत्र. उंच इमारतीची खरी गोष्ट या फरकात असते. प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) अनेकदा खालच्या काही मजल्यांपुरतंच असतं; वरचे मजले टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किंवा प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) मिळाल्यावर चढणार असतात. म्हणजे शेजाऱ्यांसाठी त्या मजल्यांचा विषय अजून संपलेला नाही. फ्लॅट घेणाऱ्यानेही हे पाहावं, कारण नोंदणीनंतर इमारतीच्या मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

मग नकाशे. मिश्र वापराच्या इमारतीत बहुतेक भांडणं तळमजल्यावरून सुरू होतात. गाळ्यांचा माल उतरवायला आवारात जागा दाखवली आहे का? नसेल तर टेम्पो रस्त्यावरच उभा राहणार. पार्किंगच्या तक्त्यात व्यापारी आणि निवासी गाड्या वेगळ्या मोजल्यात का? तळघराचा रॅम्प थेट फुटपाथवर संपतो का? गाळ्यात हॉटेल येणार असेल तर स्वयंपाकघराच्या धुराची नळी गच्चीपर्यंत नेणारी शाफ्ट (उभी पोकळी) नकाशात हवी. ती नसेल तर पुढे पत्र्याची नळी बाहेरून चढते आणि वरच्या घरांच्या खिडक्यांशी तेलकट धूर सोडते. हा दोष इमारत उभी राहिल्यावर जवळपास दुरुस्त होत नाही, म्हणून आधीच बघा. आगीसाठी दोन जिने आणि आश्रयक्षेत्र (आगीत थांबायची सुरक्षित मोकळी जागा) शोधा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत पहिलं आश्रयक्षेत्र साधारण २४ मीटर उंचीवर आणि पुढे दर १५ मीटरला धरलं आहे.

करारनाम्याचा मसुदाही पानावर असतो. गाळेधारक आणि फ्लॅटधारकांची संस्था एकच की वेगळी, देखभाल खर्च कसा वाटणार, दर्शनी भिंतीवरच्या पाट्यांचा हक्क कोणाचा, हे त्यातच ठरतं. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहावी, असा महारेराचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे.

आता उणिवा. माहिती बिल्डर स्वतः भरतो आणि ती दर तीन महिन्यांनी अद्ययावत होते, त्यामुळे जागेवरचं काम पानाच्या पुढे गेलेलं असू शकतं. नकाशांचे स्कॅन कधी इतके पुसट असतात की मापं वाचता येत नाहीत. अशा वेळी माहिती अधिकारात १० रुपये भरून महापालिकेच्या राजीव गांधी भवनातून नकाशाची प्रत मागा.

मोठी उणीव वेगळीच. पाणी, सांडपाणी आणि वाहतूक या पानावर जवळपास नसतातच. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर शोधा. पाण्याची गरज तिथे लिहिलेली असते. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर प्रत्येकी ५ माणसांचे १०० फ्लॅट म्हणजे ६७,५०० लिटर, गाळे-ऑफिसं वेगळी. अर्जातला आकडा याच्या आसपास नसेल तर तिथे बोट ठेवा. या प्रकारच्या बांधकामांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून सुनावणीची वाट बघत बसू नका. गोदावरीजवळच्या जागेसाठी निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा नगररचना विभागात तपासा. २००८ चा पूर पाहिलेल्या शहराने ही पायरी सोडू नये.

महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे आणि ती रेरा कायद्याच्या भंगाचीच हवी. गल्लीत पाणी कमी येतं, ही तक्रार तिथे टिकणार नाही. एका इमारतीच्या परवानगीसाठी महापालिका हरकती मागवतही नाही. विकास योजनेतलं आरक्षण किंवा झोन बदलत असेल तरच नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. त्या महिन्यात द्यायच्या अर्जाला महारेराच्या पानावरचा नकाशा जोडा, आणि रॅम्प, शाफ्ट, माल उतरवायची जागा यांवर लाल पेनाने खुणा करा.