डीव्हीडी प्लेअर, दहा महिन्यांनंतर: व्हीसीडी चालते का आणि माणसं माणसांसारखी दिसतात का?

प्लेअर कालच दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरमधून परत आला आणि या वेळी त्यात व्हीसीडी (सीडीवरचा व्हिडिओ) लागली, म्हणून आज लिहायला बसले. मधे कधी लिहिलं असतं तर नुसता संतापच उतरला असता.

आमच्याकडे प्लेअर लागतो तो बाबांच्या नाटकांसाठी. त्यांनी तरुणपणी हौशी रंगभूमीवर, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली आहेत. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ साली २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, बाकीच्यांनाही भाव उतरवावे लागले, आणि त्या काळात बाबांनी कपाटाचे दोन खण भरून टाकले. डीव्हीडी थोड्या, व्हीसीडीच जास्त. 'यूट्यूबवर सगळं आहे की' असं मला निम्म्या नातेवाइकांनी सांगून झालं. सगळं नाही. जे आहे त्यात ऐन प्रवेशाच्या मधोमध जाहिरात येते, आणि कितीतरी नाटकं कुणीतरी आडवी ताणून चढवलेली आहेत. तो ताण नंतर घरबसल्या सहज काढता येत नाही. या ताणण्याबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे, कारण माझ्या मते प्लेअर घेताना तीच गोष्ट पहिली बघायला हवी.

जुन्या प्लेअरच्या पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी दोनदा बदलून दिले होते. शेवटी लेन्स गेली आणि त्या मॉडेलची लेन्स कुठे मिळेना. मग नवा काय घ्यायचा यावर घरात चर्चा झाली. भावाचं म्हणणं, घ्यायचाच तर ब्लू-रे घे, तो सगळं वाजवतो. तसं नाही. ब्लू-रेची लेसर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीची, डीव्हीडीची ६५० आणि सीडी-व्हीसीडीची ७८०. तिन्ही वाचायची सोय यंत्रात असली तरी व्हीसीडीचं एमपेग-१ या जुन्या पद्धतीने साठवलेलं चित्र दाखवायचं की नाही हे कंपनी ठरवते, आणि काही ब्लू-रे प्लेअरच्या माहितीपत्रकात व्हीसीडीचं नावच नसतं. शिवाय मराठी नाटक ब्लू-रेवर मला आजवर दिसलेलं नाही. एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअर बंद केले, ओप्पोने तर २०१८ मध्येच या धंद्यातून अंग काढून घेतलं. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून जे आपल्याकडे नाही ते वाजवणारं यंत्र कशाला आणायचं? पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन अडीच हजारांच्या आत बसणारा, एचडीएमआय आणि यूएसबी असलेला साधा डीव्हीडी प्लेअर घेतला. कंपनीचं नाव देत नाही. आत बहुतेकांच्या सारखेच सुटे भाग असतात, त्यामुळे पुढचं सगळं इतर प्लेअरनाही लागू होईल.

पहिल्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, हा माणूस असा नव्हता. मी याला दहा फुटांवरून पाहिलाय."

त्यांचं बरोबर होतं. जुनी नाटकं ४:३ आकारात चित्रित झाली आहेत आणि आपला टीव्ही १६:९. प्लेअर तेच चित्र पूर्ण पडद्यावर पसरवतो, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. सडपातळ नट आडवा दिसतो, नऊवारीतली बाई बुटकी दिसते. चंद्र पडद्यावर आला तर तो लंबगोल. लोक म्हणतात, सवय होते. का व्हावी? नाटकात नटाचं उभं राहणं, खांदे पाडणं, हात किती उचलला हेच तर काम असतं. ते ताणून बघायचं म्हणजे गाणं चुकीच्या पट्टीत ऐकण्यासारखं आहे. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, धूसरच असतं. त्याबद्दल तक्रार नाही. धूसर चेहरा ओळखू येतो, पण ताणला की तो वेगळ्याच माणसाचा होतो.

सेटअपमध्ये चार पर्याय सापडले: नॉर्मल/पीएस, नॉर्मल/एलबी, वाइड आणि वाइड स्क्वीझ. शेवटचा निवडला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि माणसं पुन्हा माणसं होतात. मी खूश झाले. पण आम्ही रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो (वीज फुकट का जाळायची), आणि सकाळी हा प्लेअर बाकी सगळं लक्षात ठेवून फक्त एवढंच विसरतो. भाषा लक्षात, आवाज लक्षात, चित्राचा आकार मात्र परत वाइड. रोज दुपारी बाबा मला फोन करून मेनूतून वाट विचारत. त्या पहिल्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर पाचात दोन गुण दिले असते.

ते मत आता तसं नाही, कारण यावर चांगला उपाय मिळाला. एचडीएमआयवर प्लेअर १०८०पी देत होता. त्या सिग्नलवर आमचा टीव्ही ४:३ चा पर्यायच दाखवत नाही, एचडी म्हणजे रुंदच असणार असं तो गृहीत धरतो. मी प्लेअर ५७६पीवर, म्हणजे ५७६ ओळींच्या चित्रावर आणला. लगेच टीव्हीच्या स्वतःच्या मेनूत ४:३ उगवलं, आणि टीव्ही ते विसरत नाही. प्लेअर रोज काहीही विसरो, फरक पडत नाही. '१०८०पी अपस्केलिंग' हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. डीव्हीडीवर ५७६ ओळी आहेत, तर आहेत. ठिपके वाढवायचं काम टीव्ही करतोच, आणि आमचा तरी प्लेअरपेक्षा बरं करतो. तुमच्या टीव्हीवर हा पर्याय आला नाही तर एव्ही वायर लावून बघा. नव्या टीव्हींना बहुतेकदा तीन रंगांच्या भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, आणि त्याची वायर टीव्हीबरोबर आलेलीच वापरा. बाजारातल्या वायरीत जोडण्यांचा क्रम वेगळा निघू शकतो, मग चित्राच्या जागी गुरगुर ऐकू येते.

आता सर्व्हिसची कथा. सातव्या महिन्यात 'नो डिस्क' यायला लागलं. सर्व्हिस सेंटरवर पहिलं वाक्य, तुमच्या डिस्क खराब असतील. मी मुद्दाम न उघडलेली एक डीव्हीडी नेली होती, तीही लागली नाही तेव्हा प्लेअर ठेवून घेतला. आठवड्याने लेन्स बदलून दिला. घरी डीव्हीडी उत्तम, व्हीसीडी एकही नाही. परत गेले. तिथल्या माणसाने डीव्हीडी लावून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, लेन्स ओके आहे."

ओके नव्हती. वर लिहिलेले आकडे इथे कामाला आले. आपण ज्याला लेन्स म्हणतो त्यात डीव्हीडीसाठी लाल लेसर वेगळी आणि सीडी-व्हीसीडीसाठी इन्फ्रारेड वेगळी. एक चालू आणि दुसरी मेलेली असू शकते. म्हणजे डीव्हीडी लागली एवढ्यावर व्हीसीडीची खात्री होत नाही. त्यांच्याकडे तपासायला व्हीसीडी नव्हती, साधी गाण्याची सीडीही नव्हती. मी पिशवीतून आमची काढून दिली. ती फिरली, थांबली, पुन्हा 'नो डिस्क'. तेव्हा कुठे त्यांनी लेन्स परत बदलायचं कबूल केलं, तेही खोक्यावर व्हीसीडीचं चिन्ह छापलंय हे दाखवल्यावर. वॉरंटीत होतं म्हणून पैसे लागले नाहीत, पण दोन रिक्षा-फेऱ्या आणि बाबांचे तीन आठवडे गेलेच. दुरुस्तीला जाताना दोन्ही प्रकारच्या डिस्क घेऊन जा आणि काउंटरवरच लावून बघा.

या तीन आठवड्यांमुळे मी एक काम सुरू केलं. व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपेगएव्ही' या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल असते, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तिच्या नावाचं शेपूट 'एमपीजी' करायचं. आमच्या प्लेअरच्या यूएसबीवर ती चालते. घेताना मला हे यूएसबी बिनकामाचं वाटलं होतं, आता तेच सगळ्यात आवडतं. नाटकाच्या मधे उठून दुसरी डिस्क लावायला लागत नाही. एका व्हीसीडीवर ७४ मिनिटं मावतात, त्यामुळे वाक्य अर्धं एका तबकडीवर आणि अर्धं दुसरीवर हा प्रकार आमच्याकडे अनेक नाटकांत आहे.

हे काम लांबवू नका. व्हीसीडीत जास्त चित्र बसवण्यासाठी संगणकाच्या सीडीवर असतो तो चुका दुरुस्त करणारा जादा थर काढून टाकलेला आहे. म्हणून ओरखडा आला की चित्राचे चौकोन पडतात, आणि कॉपी करतानाही संगणक तिथेच अडतो. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा डेटाच्या रेघेबरोबरच पळतो आणि लांबपर्यंत सगळं खातो, आडवा ओरखडा पटकन ओलांडला जातो.

बाकी किरकोळ. पुढे वेळ दाखवणारा डिस्प्ले नाही, याचा बाबांना त्रास होतो. एचडीएमआय वायर खोक्यात नव्हती. स्टॉप एकदा दाबला तर तिथूनच पुढे सुरू होतं, दोनदा दाबला तर पहिल्यापासून. व्हीसीडीवर हे चालण्यासाठी रिमोटवरचं पीबीसी (प्लेबॅक कंट्रोल, म्हणजे व्हीसीडीचा मेनू) बंद ठेवावं लागतं. रिमोटची बटणं बारीक आहेत, मी स्टॉप आणि प्लेवर नेलपेंटचे ठिपके लावले आहेत.

काल परत येताना दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात थांबले. त्यांनी प्लेअर उघडून लेन्सवरचा नंबर बघितला, तपकीर गल्लीत अजून मिळते म्हणाले. वॉरंटीचे दोन महिने उरलेत. या शनिवारी जाऊन एक लेन्स घेऊन ठेवणार आहे, आणि दुकानात व्हीसीडी लावून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.